डायपर आणि खालचे केस: काढायचे नाहीत, आखूड करायचे

घरात कोणाला डायपर सुरू झाला की पहिले काही दिवस माप, किंमत आणि गळती यातच जातात. केसांचा विषय नंतर निघतो, तोही दबक्या आवाजात. रुग्णसेवेच्या ब्यूरोकडून आलेल्या मावशी स्वयंपाकघरात येऊन सांगतात, ‘ताई, बाबांचे खालचे केस काढून टाका. शी अडकून बसते, किती पुसलं तरी निघत नाही.’ मग दाढीचं रेझर बाहेर निघतं, नाहीतर केस काढायचं क्रीम. दोन दिवसांनी जांघेत लालभडक पुरळ, आठवड्याने एखादं केसतोड. मावशींची तक्रार खरी असते, उपाय तेवढा चुकतो. लांब केसांचा त्रास होतोच, पण तुळतुळीत केलेल्या कातडीला डायपरमध्ये त्याहून जास्त त्रास होतो. हवे असतात ते आखूड केस, साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर.

पुढचं सगळं अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांसाठी आहे. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर, बाळंतपणानंतर, मणक्याच्या दुखापतीनंतर किंवा खोकला-शिंक आली की लघवी सुटते म्हणून स्वतः पॅड-डायपर वापरणाऱ्यांसाठी मध्ये वेगळा भाग आहे.

लांब केस काय करतात आणि वस्तरा काय करतो

डायपरचा वरचा मऊ थर लघवी खाली सोडतो आणि मधल्या थरातला लगदा व सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे दाणे ती शोषून घेऊन तिचं जेल करतात. पण त्यासाठी लघवी त्या थराला टेकावी लागते. दाट केसांच्या पुंजक्यात ती धरली जाते आणि ओल कातडीलगतच राहते. मांडीच्या कडेला जी झालरीसारखी उभी पट्टी असते, तिच्याखाली केस दुमडले की पट्टी नीट टेकत नाही आणि तिथूनच चादर भिजते. शी केसांत सुकून बसते, ती काढायला घासावं लागतं. बहुतेक वेळा कातडी सोलते ती या घासण्याने.

निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 4.5 ते 5.5. लघवीतल्या युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात आणि पीएच वर चढतो. शीमधली पाचक एन्झाइम्स अशा वेळी अधिक जोमाने कातडीला लागतात. म्हणून नुसत्या लघवीपेक्षा लघवी आणि पातळ संडास एकत्र झाले की कातडी फार लवकर लाल होते.

मग केस मुळापासूनच का काढू नयेत? कारण केस जांघेत आणि पार्श्वभागाच्या फटीत दोन कातड्यांमध्ये राहून घर्षण कमी करतात. वस्तरा फिरला की डोळ्याला न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यावर आपण उबदार, ओला, बंद डायपर चढवतो. केसांच्या मुळाशी पुरळ उठायला, कुरळा केस आतल्या आत वाढायला याहून सोयीची जागा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खुंट टोचू लागतात, खाज सुटते. स्मृतिभ्रंश झालेला माणूस मग हात डायपरमध्ये घालून खाजवतो, आणि घरच्यांना वाटतं आजी मुद्दाम डायपर ओढून काढतात.

ऑपरेशनआधी केस काढण्याबद्दलही जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत हेच म्हटलं आहे: शक्यतो केस काढू नका, काढावेच लागले तर क्लिपरने काढा, वस्तरा नको. तिथे तर सगळं निर्जंतुक असतं. आपल्याकडे चोवीस तास ओल आहे.

कशाने कापायचे

पुढे गार्ड लागणारा, बॅटरीवर चालणारा, पाते धुता येणारा ट्रिमर घ्या. गार्ड म्हणजे कंगव्यासारखी प्लास्टिकची टोपी. 6 मिलिमीटरची टोपी बहुतेकांना पुरते, केस फार दाट असतील तर आधी 9 किंवा 12 ची. टोपीशिवाय उघडं पातं जांघेत फिरवायचं नाही, कितीही सराव असला तरी. हा ट्रिमर वेगळा ठेवा, दाढीला तोच वापरू नका. घरात दोन रुग्ण असतील तर दोघांचे वेगळे.

कात्री लागेल ती बोथट टोकाची, मेडिकलमध्ये बँडेज कापायची मिळते तशी. शिवणकामाची टोकदार कात्री नको.

केस काढायच्या क्रीममध्ये थायोग्लायकोलेट असतं आणि ते अतिशय अल्कधर्मी असतं. केस विरघळवणारी गोष्ट साठीनंतरच्या पातळ कातडीवर काय करेल याचा विचार करा. त्यात ते फटीत साचलं आणि वेळेत पुसलं गेलं नाही तर भाजल्यासारखा चट्टा पडतो. वॅक्सने वयस्कर माणसाची कातडी केसासोबत सोलून येऊ शकते. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असतील तर हा धोका आणखी वाढतो.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या (अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन) चालू असतील तर ट्रिमर चालेल, टोपी मात्र हवीच. जांघेत आधीच जखम, पू किंवा सोललेला भाग असेल तर त्यावरून काहीच फिरवू नका, आधी ते डॉक्टरांना दाखवा.

कोण करणार, हे आधी ठरवा

यंत्रापेक्षा हा प्रश्न अवघड आहे. सासऱ्यांचं सुनेने करायचं, आईचं मुलाने करायचं, आणि दोन्ही बाजूंनी मान खाली. करणारा माणूस कोण असावा हे ज्याचे केस आहेत त्याला विचारा. पुष्कळ वडीलधाऱ्यांना मुलापेक्षा वॉर्डबॉय बरा वाटतो. गावाकडे घरी येऊन दाढी करणारे नाभिकदादा विचारलं तर हेही करून देतात, फक्त त्यांना वस्तरा पेटीतच ठेवायला सांगा आणि आपला ट्रिमर हातात द्या.

सांगताना कारण सांगा. ‘आबा, केस जरा आखूड करून घेऊ, म्हणजे पुसताना ओढ बसणार नाही.’ एवढं वाक्य पुरतं. दार लावा, कमरेवर पंचा टाका, जेवढा भाग हाताखाली आहे तेवढाच उघडा. विस्मरण असलेल्यांना ट्रिमरचा आवाज आधी दुरून ऐकवा, मग त्यांच्या तळहातावर बंद बाजूने टेकवा. तरी हात झटकला तर आज राहू द्या, उद्या बघू.

अंथरुणावर केस कापताना

सकाळचं स्पंजिंग झालं, डायपर सोडला, पुसून झालं की ही वेळ. केस पूर्ण कोरडे हवेत, ओल्या केसांत ट्रिमर अडकतो आणि ओढतो. पंखा बंद करा. हे कोणी सांगत नाही, आणि मग कापलेले केस उशीपासून पाण्याच्या तांब्यापर्यंत पोचतात. कमरेखाली वर्तमानपत्र नको, ते घामाने चिकटतं. जुन्या सुती साडीची घडी किंवा अंडरपॅड (अंथरुणावर घालायचं शोषक पॅड) घाला. दुसऱ्या माणसाच्या हातात मोबाइलचा टॉर्च द्या.

माणूस उताणा, गुडघे दुमडलेले, दोन्ही बाहेरच्या बाजूला सैल सोडलेले, गुडघ्याखाली एकेक उशी. खुब्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर पाय किती आणि कुठल्या दिशेने वळवायचा हे सर्जनला विचारल्याशिवाय ही स्थिती देऊ नका.

ओटीपोटाखालच्या भागापासून सुरुवात करा. केस बोटभर लांब असतील तर थेट ट्रिमर घालू नका. कंगव्यात केस धरून कंगव्याच्या वरच्या बाजूने कात्री चालवा, म्हणजे कात्री आणि कातडीमध्ये कंगवा राहतो. मग टोपी लावलेला ट्रिमर केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने, हलक्या हाताने. दाबायचं नाही. दर दोन-तीन मिनिटांनी पातं आपल्या मनगटाला लावून बघा, गरम झालं असेल तर बंद करून थांबा. संवेदना कमी असलेल्या माणसाला चटका बसलेला कळत नाही.

आता जांघ. इथे कातडीला घड्या असतात, आणि कापलं जातं ते घडीवरच. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणून सपाट करा, तेवढ्याच सपाट पट्ट्यावर ट्रिमर फिरवा, मग पुढची पट्टी. पुरुषांमध्ये वृषणाची पिशवी सैल आणि सुरकुतलेली असते. ती हलकेच तळहातावर घेऊन ताणून धरा, ट्रिमर जवळजवळ तरंगत न्या. तिथे एक सेंटिमीटर केस राहिले तरी काही बिघडत नाही, रक्त काढण्यापेक्षा ते बरं. साफ करताना लिंगाची पुढची त्वचा हळूच मागे घ्या, पुसा आणि आठवणीने पुन्हा पुढे आणा. ती मागेच राहिली तर सूज येऊन अडकते आणि रात्रीतून इमर्जन्सी होते. ती मुळातच मागे जात नसेल तर जोर लावू नका.

स्त्रियांमध्ये फक्त बाहेरच्या ओठांवरचे केस कापायचे, ट्रिमरची दिशा आतून बाहेर. आतल्या नाजूक भागाला हात लावायची गरज नाही. पाळी गेल्यावर तिथली कातडी फार पातळ आणि कोरडी होते, जोराने पुसलं तरी चिरते. केसांखाली पांढुरके डाग दिसले आणि सतत खाज असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, वयामुळे असेल म्हणून सोडू नका.

मग कुशीवर वळवा. वरचा नितंब एका हाताने उचलून धरा आणि फटीतले केस टोपी लावलेल्या ट्रिमरने आखूड करा. शी सगळ्यात जास्त अडकते ती इथे, म्हणजे पुढचं सगळं सोडून वेळ नसेल तर निदान एवढं करा. गुदद्वाराच्या अगदी कडेला थोडे केस राहू द्या. कात्री इथे मुळीच नको.

कुशीवर वळवलंच आहे तर माकडहाडावर बोट दाबून बघा. लाली असेल आणि दाबल्यावर क्षणभर फिकी पडत नसेल, तर ती बेडसोरची सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली पटकन कळत नाही. आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा टणक लागणारा भाग शोधा.

शेवटी सांडलेले केस. कातडीवरचे ओल्या मऊ फडक्याने टिपा, चादरीवरचे रुंद चिकटपट्टीने उचला. कातडीला चिकटपट्टी लावायची नाही. एक-दोन केस मांडीखाली राहिले तरी दिवसभर टोचतात. कोमट पाणी ओतून धुवा, पुढून मागे पुसा, टिपून कोरडं करा आणि पंधरा-वीस मिनिटं अंडरपॅडवर उघडंच राहू द्या. तुरटी, आफ्टरशेव्ह, जंतुनाशक द्रावण यांतलं काही लावू नका.

तीन ते चार आठवड्यांनी पुन्हा. कॅलेंडरवर गॅस सिलिंडरची तारीख लिहिता तिथेच हीही लिहा.

स्वतः वापरत असाल तर

हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या माणसाच्या तक्रारी वेगळ्या. पँटसारख्या डायपरचं इलॅस्टिक पोटावरच्या केसांना ओढतं, मांडीच्या आतल्या बाजूला घासून काळं पडतं, दुचाकीवरून उतरताना पॅड सरकतो. इलॅस्टिकची रेघ उमटते तेवढ्या पट्ट्यातले, म्हणजे बेंबीखालून कमरेभोवती आणि मांडीच्या मुळाशी, केस आखूड केले तर यातलं बरंचसं थांबतं. बाकी पायांचे, पोटाचे केस उगाच छाटत बसू नका. मांडीला घासतं तिथे पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा.

न्हाणीघरात एक पाय कमोडवर ठेवून हे करू नका. वयस्कर माणसं पडतात ती अशाच वेळी. पलंगाच्या कडेला टॉवेल घालून बसा, मांड्यांमध्ये हातातला आरसा ठेवा. मागचा भाग आरशात नीट दिसत नसेल तर तो सोडून द्या किंवा नवऱ्याची-बायकोची मदत घ्या.

पँट डायपर काढताना खाली ओढू नका. दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडल्या की तो पुढून-मागून सुटतो, केस ओढले जात नाहीत आणि शी पायभर पसरत नाही. एसटीने लांबचा प्रवास असेल तर स्टिकरवाला डायपर सोबत असू द्या. तो बदलायला पँट पूर्ण उतरवावी लागत नाही.

पुरुषांसाठी कंडोम कॅथेटर (लिंगावर कंडोमसारखं चढवायचं, लघवी नळीने पिशवीत नेणारं साधन) वापरत असाल तर लिंगाच्या मुळाशी केस आखूड हवेतच, नाहीतर चिकट भागात केस अडकतात आणि काढताना जीव जातो. कागदी रुमालाला मध्ये भोक पाडून तो मुळाशी घाला, केस त्याखाली दाबले जातात. कॅथेटर बसला की कागद फाडून काढा.

तेल, पावडर, क्रीम

आपल्याकडे पावडरीवर फार श्रद्धा. उन्हाळ्यात काखेला ठीक, पण डायपरमध्ये पावडर ओली झाली की तिच्या गुठळ्या होतात, केसांना धरतात आणि वाळूसारख्या घासतात. ती बंदच करा. साबणही दर वेळी नको. नेहमीच्या आंघोळीच्या साबणाचा पीएच 9-10 असतो आणि आधीच चढलेल्या पीएचमध्ये तो भर घालतो. लघवीला कोमट पाणी किंवा अल्कोहोल नसलेले वाइप्स पुरतात, शी झाली की सौम्य, कमी पीएचचं क्लिंझर.

केसांत सुकलेली शी खरवडू नका. खोबरेल तेल बोटावर घेऊन तिच्यावर लावा, दोन मिनिटं थांबा, मग मऊ फडक्याने केसांच्या दिशेने ओढून घ्या. सहज निघते.

कातडीवर संरक्षक थर हवा असतो. झिंक ऑक्साइड, पेट्रोलियम जेली किंवा डायमेथिकोन असलेलं क्रीम, तिन्ही चालतात. झिंकचं जाड क्रीम केसांत लेपासारखं बसतं आणि डायपरच्या वरच्या थरालाही लागून शोषणं कमी करतं, म्हणून खालची कातडी पुसट दिसेल इतकंच लावा. केसाळ भागावर डायमेथिकोन बरं. पुढच्या वेळी झिंकचा प्रत्येक पांढरा कण काढायच्या मागे लागू नका. मळलेला थर तेलाने काढा, स्वच्छ राहिलेला तसाच ठेवून त्यावर नवा हात फिरवा.

मेडिकलवाल्याने ‘खाजेची ट्यूब’ म्हणून दिलेलं मलम उघडण्याआधी घटक वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांतलं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. अँटिफंगल आणि स्टेरॉइड एकत्र असलेल्या अशा ट्यूबांनी दोन दिवस आराम पडतो, मग गजकर्ण पसरतं आणि जांघेतली कातडी कागदासारखी पातळ होते. डायपरखाली झाकलं गेल्याने स्टेरॉइड आणखी आत शिरतं.

बसवण्यातल्या बारीक गोष्टी

केस नीट कापूनही चट्टे येत असतील तर डायपर बसवण्यात बघा. कमर आणि नितंब इंचटेपने मोजा, जे जास्त भरेल ते पाकिटावरच्या इंचांशी ताडून घ्या. मोठा घेतला तर जास्त शोषेल हा गैरसमज आहे, तो फक्त बाजूने गळतो. पुरुषांमध्ये लिंग खालच्या दिशेला ठेवा. बंद केल्यावर मांडीच्या कडेने बोट फिरवून झालर बाहेर काढा आणि तिच्याखाली आलेले केस सोडवा. स्टिकर खालचा थोडा वर, वरचा थोडा खाली असा तिरका लावा. पोटावर दोन बोटं सहज शिरली पाहिजेत.

रात्री एकावर एक दोन डायपर लावू नका. आतल्याची मागची बाजू प्लास्टिकची असते, लघवी बाहेरच्यात जातच नाही, उकाडा मात्र दुप्पट होतो. लागलाच तर प्लास्टिकची पाठ नसलेला जादाचा पॅड मिळतो, तो आत घाला. दिवसा चार ते सहा तासांनी बदला, शी झाली की लगेच. कोकणातला पावसाळा किंवा विदर्भातला मे असेल तर दुपारी अर्धा तास डायपर काढून नुसत्या अंडरपॅडवर झोपवा. केस आखूड असले की एवढ्या वेळात जांघ खरंच कोरडी होते.

डॉक्टरांकडे कधी

केसाच्या मुळाशी एखादी पुळी आली तर फोडू नका, तिथे ट्रिमर थांबवा आणि कोमट शेक द्या. पुळ्या वाढल्या, मोठ्या झाल्या किंवा ताप आला तर दाखवा. घडीत लालभडक चट्टा आणि कडेने सुटे लाल ठिपके ही बहुधा बुरशी असते. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन सुरू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते आणि गुप्तांगाची बुरशी पुन्हा पुन्हा होते. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

एक गोष्ट थांबू देत नाही. जांघेत किंवा वृषणाला दिसतंय त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखत असेल, सूज झपाट्याने वाढत असेल, कातडी काळी-जांभळी पडत असेल, घाण वास आणि ताप असेल तर सकाळची वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलात न्या. फोर्नियर गँगरीन नावाचा हा संसर्ग तासांच्या हिशेबात पसरतो आणि मधुमेह्यांना त्याचा धोका जास्त असतो.

कापलेले केस आणि वापरलेला डायपर

केस मोरीत किंवा कमोडमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो. कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्या. डायपरमधली शी आधी कमोडमध्ये पाडा, डायपर आतल्या बाजूने घट्ट गुंडाळून त्याच्याच स्टिकरने बंद करा आणि वर्तमानपत्रात बांधा. घनकचरा नियमांनुसार तो असा गुंडाळूनच द्यायचा असतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई अशा पुडक्यावर लाल ठिपका काढायला सांगतात, म्हणजे हाताने उघडायच्या आधी त्यांना आत काय आहे ते कळतं. तुमच्या गावात अशी पद्धत नसली तरी लाल पेन घरात असतंच.